‘का?’ विचारायला शिकवणारी कचेरी

‘मिनिस्ट्री’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचे मंत्रालय उभे राहते. शिपाई, फायली आणि साहेबांच्या भेटीसाठी ताटकळलेली माणसे! त्यामुळे अमेरिकेत शिकायला गेलेल्या माझ्या भाचीने, “मला कॅम्पस मिनिस्ट्रीत काम मिळालं,” असे पुण्याला कळवले, तेव्हा तिच्या आजीने देवापुढे साखर ठेवली. नात सरकारदरबारी रुजू झाली अशीच तिची समजूत! दुसऱ्या दिवशी खुलासा झाला. ही मिनिस्ट्री म्हणजे ख्रिस्ती पाद्र्यांनी चालवलेल्या विद्यापीठातली, विद्यार्थ्यांच्या धर्मजीवनाची आणि समाजसेवेची काळजी वाहणारी कचेरी. झाले! घरात आनंदाच्या जागी चिंता आली. “बाटवतील की काय पोरीला?” हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही, पण मनात सगळ्यांच्याच होता.

मी त्या वेळी माझ्या मुलाकडे काही महिने राहायला निघाले होते आणि भाचीचे विद्यापीठ त्याच शहरात होते. धाकट्या बहिणीने मला बजावले, “ताई, तू एकदा स्वतः जाऊन बघ. आणि काय असेल ते खरं खरं सांग.”

मी गेले, आणि एकदा नव्हे तर पाच-सहा वेळा गेले. बहिणीला काय सांगितले ते पुढे येईलच. पण जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, ते आपल्या मुलांना कॉलेजात धाडणाऱ्या साऱ्याच आईबापांच्या विचारात घेण्यासारखे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मंत्री म्हणजे सेवक

कचेरी म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या. बसून बसून खचलेले दोन कोच, चोवीस तास उकळणारी कॉफी आणि एक भला मोठा फलक. फलकावर रविवारच्या प्रार्थनेची वेळ होती, तशीच शुक्रवारच्या नमाजाची होती आणि बुधवारच्या ध्यानवर्गाचीही होती. पण निम्म्याहून अधिक जागा व्यापली होती ती कामांच्या याद्यांनी. शनिवारी बेघरांच्या भोजनगृहात वाढपी हवेत. मंगळवारी तुरुंगातल्या कैद्यांना शिकवायला कोण येणार? मार्चच्या सुट्टीत आठ दिवस डोंगराळ भागातल्या खाणकामगारांच्या वस्तीत राहायला जायचे आहे, नावे द्या. भाचीचे काम म्हणजे या याद्या करायच्या, मोटारगाडीत कोण बसणार ते ठरवायचे आणि ऐनवेळी गैरहजर राहणाऱ्यांना फोन करायचे.

‘मिनिस्टर’ हा शब्द मूळचा लॅटिन, आणि तिकडे त्याचा अर्थ ‘सेवक’, अगदी घरगडी म्हटले तरी चालेल. आपल्याकडे आला तोवर त्याचा ‘मंत्री’ झाला, हा दैवदुर्विलास! अमेरिकेत अशा कामाची सुरुवात फार साधेपणाने झाली. १८९३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी एकत्र जमण्यासाठी ‘न्यूमन क्लब’ काढला. त्याच वर्षी विवेकानंद शिकागोला सर्वधर्मपरिषदेत बोलत होते, हा योगायोग मोठा गमतीचा. परक्या गावी शिकणाऱ्या मुलांना आपली उपासना करता यावी, चार जीवाभावाची माणसे भेटावीत, एवढाच तेव्हा हेतू होता. सेवा आली ती नंतर, आणि ‘न्याय’ हा शब्द तर फारच नंतर आला. तो कसा आला त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

एका डॉक्टरी शिकलेल्या साधूचा प्रश्न

भाचीचे विद्यापीठ जेझुइट, म्हणजे येशूसंघीय, पाद्र्यांचे. हा संघ आपल्याला अनोळखी नाही. १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ छापणारे फादर स्टीफन्स याच संघाचे, आणि मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली काढले तेही यांनीच. जगभर यांची शाळा-कॉलेजे आहेत. एकट्या अमेरिकेतच पंचवीसहून अधिक विद्यापीठे व महाविद्यालये आहेत. शिक्षण उत्तम, शिस्त कडक, आणि म्हणून वरच्या वर्गातल्या मुलांची तेथे गर्दी, असा त्यांचा लौकिक.

१९६५ साली या संघाच्या प्रमुखपदी पेद्रो अरुपे नावाचे स्पॅनिश गृहस्थ आले. तरुणपणी ते वैद्यकीचे विद्यार्थी होते; ते शिक्षण अर्धवट टाकून ते संघात शिरले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ते हिरोशिमाच्या वेशीवर होते. अणुबाँब पडला, तेव्हा त्यांनी आपल्या मठाचे रुग्णालय केले आणि होते नव्हते ते वैद्यकीचे ज्ञान पणाला लावून भाजलेल्या माणसांची शुश्रूषा केली. ज्याने असा दिवस पाहिला, त्याला उत्तम निकाल लावणाऱ्या कॉलेजांचे कौतुक किती पुरणार?

३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरी, युरोपातल्या जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे अरुपे बोलायला उभे राहिले. समोर वकील, व्यापारी, बडे अधिकारी बसले होते. सत्कारसमारंभात बोलावे तसे ते बोलले नाहीत. आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिकवले काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि ‘नाही’ असे उत्तरही स्वतःच दिले. शिक्षणातून निघालेला माणूस दुसऱ्यांसाठी जगणारा हवा, असे त्यांचे म्हणणे. श्रोत्यांपैकी काहीजण चांगलेच दुखावले. परंतु दोन वर्षांच्या आतच, १९७४-७५ मध्ये, संघाच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला, की श्रद्धेची सेवा करायची तर न्यायाचा पुरस्कार तिच्यापासून वेगळा काढता येणार नाही. भाचीच्या कचेरीतल्या त्या याद्यांचे मूळ या ठरावात आहे.

शनिवारचे वाढप

एका शनिवारी मीही वाढायला गेले. वीस-बावीस मुले-मुली, बहुतेक खात्यापित्या घरची. डोक्याला जाळी, हातात मोजे. दोन तास आम्ही सूप, पाव आणि उकडलेल्या भाज्या वाढल्या. आपल्याकडच्या अन्नछत्रात वाढले काय आणि येथे काय. माणूस भुकेला असला की पानाकडे बघतानाची त्याची नजर सारखीच असते.

मला वाटले, झाले, आता घरी जायचे. पण कामाला खरी सुरुवात पुढेच होती. मुले गोल करून बसली. कचेरीतल्या बाईंनी ‘किती जणांना वाढले’ असे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, “आज तुम्ही कुणाशी बोललात? त्याचं नाव काय? आणि तो इथे का आला?”

पहिल्या दोन प्रश्नांना बऱ्याच जणांनी उत्तरे दिली. तिसऱ्याला सगळी थबकली. मग एक उंच, लाजराबुजरा मुलगा म्हणाला, “मी ज्यांच्याशी बोललो ते रोज कामावर जातात. गोदामात आठ तास उभे असतात. पण पगार भाड्यात जातो, म्हणून शनिवारी इथे जेवतात.” थोडे थांबून तो म्हणाला, “मला वाटायचं, काम केलं की माणूस उपाशी राहत नाही.”

कुणी त्याला उत्तर दिले नाही. बाईंनी एवढेच सांगितले, की पुढच्या आठवड्यात या शहरातली घरभाडी आणि किमान वेतन यांचे आकडे काढून आणा, मग बोलू.

भाचीला मी परत येताना विचारले, “तुला कधी ख्रिस्ती व्हायला सांगतात का गं?” ती हसली. “नाही गं मावशी. पण एकदा फादरांनी विचारलं, तुझ्या धर्मात भुकेल्या माणसाबद्दल काय सांगितलंय? मला काही सांगताच येईना. मग आजीला फोन केला.” आजीने तिला सांगितले होते, की पूर्वी घरचा यजमान वैश्वदेव झाल्यावर दाराबाहेर डोकावून कुणी अतिथी आहे का पाहायचा, आणि मगच पानावर बसायचा. पुण्यात अठरा वर्षे राहून जे कानावर पडले नव्हते, ते सातासमुद्रापलीकडे एका पाद्र्याच्या प्रश्नाने तिच्या कानावर पडले!

बहिणीला मी हेच सांगितले. शिवाय हेही सांगितले, की वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन या जुन्या जेझुइट विद्यापीठाने २०१६ साली आपल्या हिंदू विद्यार्थ्यांसाठी हिंदू धर्मगुरूच नेमला. धर्माच्या नावाने आजवर कुठे काय घडले, ते मी विसरलेले नाही आणि सावध राहणाऱ्या आईला मी दोषही देणार नाही. पण या कचेरीने माझ्या भाचीचा देव काढून घेतला नाही. त्याच्याविषयी चार प्रश्न तिला विचारले.

सदिच्छांचा धोका

येथवर वाचून कुणी म्हणेल, की बाई अमेरिकेला गेल्या आणि भारावून आल्या. तसे नाही. या साऱ्या खटाटोपावरची सर्वांत कडक टीका एका पाद्र्यानेच केलेली आहे, आणि ती मला पटते.

इव्हान इलिच हे ते गृहस्थ. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका येथे, उन्हाळ्यात मेक्सिकन खेड्यांत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची परिषद होती. इलिचना भाषणाला बोलावले होते. त्यांनी त्या मुलांना तोंडावर सांगितले, की तुमच्या सदिच्छा खड्ड्यात घाला! ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, ज्यांच्या जगण्याची तुम्हाला कल्पना नाही, त्यांचे भले करायला तुम्ही निघालात. तुमच्यापासून त्यांना फायदा शून्य, उपद्रव मात्र पुष्कळ. प्रवासी म्हणून या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका.

हे बोल झोंबणारे आहेत, पण विचार करा. आठ दिवस कुठल्या तरी वस्तीत जाऊन भिंत रंगवायची, पोरांबरोबर छायाचित्रे काढायची आणि परत येऊन ‘माझे जीवन बदलून गेले’ असे सांगायचे. यात कुणाचे काय साधले? भिंत तेथल्याच रंगाऱ्याने अधिक चांगली रंगवली असती आणि त्याला चार पैसेही मिळाले असते. चांगल्या कचेऱ्यांनी हा धडा घेतलेला दिसतो. जाण्याआधी कित्येक आठवडे अभ्यास, तेथल्या लोकांनी सांगितले तेवढेच काम, साधे जेवण आणि रोज रात्री दिवसाचा जाब. अॅरिझोनाच्या नोगालेस येथे अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवर २००९ पासून जेझुइट व इतरांनी चालवलेले एक केंद्र आहे. देशातून परत पाठवलेल्या माणसांना पलीकडे मेक्सिकोच्या बाजूला तेथे जेवण मिळते. विद्यार्थी तेथे जातात ते मुख्यतः ऐकायला. ऐकणे हेही काम आहे, हे तरुणांना पटवणे किती कठीण, ते घरात कॉलेजकुमार असलेल्या आईबापांना मी सांगायला नको.

आठ पांढरे क्रूस

नोव्हेंबरात एके दिवशी विद्यापीठाच्या हिरवळीवर मला आठ पांढरे लाकडी क्रूस रोवलेले दिसले. प्रत्येकावर एक नाव होते. भाचीने त्यांची कथा सांगितली.

मध्य अमेरिकेत एल साल्वादोर नावाचा चिमुकला देश आहे. १९८० ते १९९२ अशी बारा वर्षे तेथे यादवी चालली आणि सुमारे पंचाहत्तर हजार माणसे मेली. राजधानीत १९६५ साली निघालेले जेझुइटांचे विद्यापीठ होते. त्याचे कुलगुरू इग्नासिओ एयाकुरिया. विद्यापीठाने गरिबांसाठी निव्वळ धान्य वाटले असते, तर त्याला कुणीही हात लावला नसता. परंतु तेथल्या प्राध्यापकांनी प्रश्न विचारायला घेतले. इग्नासिओ मार्तिन-बारो हे मानसशास्त्रज्ञ लोकांची मते गोळा करून प्रसिद्ध करू लागले. लोक भीतीपोटी जे बोलत नव्हते, ते आकड्यांतून दिसू लागले. सेगुंदो मोंतेस निर्वासितांच्या हालांची नोंद ठेवू लागले. एयाकुरिया दोन्ही पक्षांना सांगत राहिले, की लढाई थांबवा, बोलणी करा.

१६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे, अंधार असतानाच, सरकारी लष्कराची तुकडी त्यांच्या निवासात शिरली. सहा पाद्र्यांना तिने ठार केले. त्यांच्याबरोबर स्वयंपाकीण हुलिया एल्बा रामोस आणि तिची सोळा वर्षांची मुलगी सेलिना यांनाही ठार केले, कारण साक्षीदार उरू द्यायचा नव्हता. या मायलेकी गोळीबाराच्या भीतीने आपले घर सोडून, पाद्र्यांकडे अधिक सुरक्षित वाटेल म्हणून त्या रात्री तेथे झोपल्या होत्या. हुलियाच्या नवऱ्याने पुढे त्या जागी गुलाबाची झाडे लावली.

ज्या तुकडीने हे केले तिला शिक्षण दिले होते अमेरिकेने. मारेकऱ्यांपैकी बरेचजण जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंग येथील लष्करी शाळेत शिकून आलेले. १९९० पासून त्या शाळेच्या दारात दरवर्षी निदर्शने होऊ लागली, आणि जेझुइट कॉलेजांच्या याच कचेऱ्या बसगाड्या भरभरून विद्यार्थी नेऊ लागल्या. १९९७ पासून तेथे विद्यार्थ्यांचे अभ्यासशिबिर भरू लागले; पुढे ते वॉशिंग्टनला गेले, आणि मुले नुसत्या घोषणा न देता आपापल्या प्रतिनिधींच्या कचेरीत जाऊन त्यांना कायद्याबद्दल प्रश्न विचारू लागली. एल साल्वादोरमध्ये १९९२ साली तह झाला. न्यायाला मात्र फार वेळ लागला. २०२० साली स्पेनमधल्या न्यायालयाने त्या देशाच्या एका माजी कर्नलला, मूळच्या स्पॅनिश असलेल्या पाच पाद्र्यांच्या खुनाबद्दल, एकशे तेहेतीस वर्षांची शिक्षा दिली. मधल्या एकतीस वर्षांत हिरवळीवरचे क्रूस दर नोव्हेंबरला उभे राहत होते.

श्रद्धेचे काम काय, असे कुणी विचारले तर मी हेच सांगेन. एका दुपारच्या वाढपाला श्रद्धा लागत नाही, चांगले मन पुरते. निकाल हाती येत नसताना एकतीस वर्षे तोच प्रश्न विचारत राहायला मात्र ती लागते, मग तिचे नाव कुणी काहीही ठेवो.

घरचाच हिशेब

‘का’ विचारायची सवय लागली, की ती दुसऱ्याच्या दारात थांबत नाही. आपल्या घरात येते. जॉर्जटाउन विद्यापीठाचेच पाहा. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरचे २७२ गुलाम, त्यांत बायका आणि लेकरेही, सुमारे एक लाख पंधरा हजार डॉलरना विकले, आणि त्या पैशाचा काही भाग विद्यापीठाचे कर्ज फेडायला वापरला. धर्माचे नाव घेणाऱ्यांनी हे केले! २०१७ साली विद्यापीठाने व संघाने वंशजांची जाहीर क्षमा मागितली, आणि विक्रीच्या कागदावर पहिले नाव असलेल्या आयझॅक हॉकिन्सचे नाव एका इमारतीला दिले.

पण विद्यार्थ्यांना तेवढ्याने समाधान नव्हते. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी मतदान घेतले, की त्या वंशजांच्या कल्याणासाठी दर सहामाहीला प्रत्येकाने सत्तावीस डॉलर वीस सेंट फी जादा द्यावी. २७२ माणसांची आठवण राहावी म्हणून हा आकडा. सुमारे दोनतृतीयांश मते बाजूने पडली. विद्यापीठाने पुढे सक्तीची फी न लावता देणग्यांतून निधी उभारायचे ठरवले, आणि त्यावरही मुलांनी कुरकुर केलीच. मला त्या कुरकुरीचे कौतुक वाटते. आपण ज्या पायरीवर उभे आहोत तिच्याखाली कोण गाडले गेले, हे एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना विचारावेसे वाटले, ही साधी गोष्ट नव्हे.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे हे नाही असे मुळीच नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला एकशेवीस तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, हे आपल्यापैकी कितीतरी जणांनी केलेले आहे. चंद्रपूरकडे सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ पासून तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी भरवली. तेव्हा हात कामाला लावणे आपल्या मुलांना ठाऊक आहे. अडते ते पुढे. शिबिर संपते, प्रमाणपत्र मिळते, वाढीव गुण पदरात पडतात, आणि खड्डा कुणासाठी खणला, त्या गावात पाणी का नव्हते, हे विचारायचे राहूनच जाते.

वास्तविक हा प्रश्न विचारणारा एक मास्तर आपल्याकडे होऊन गेला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवीत आणि वसतिगृहातल्या मुलांची आईच्या मायेने सेवा करीत. सेवा तेथेच संपली असती, तरी आपण त्यांना थोर म्हटले असते. पण त्यांची पांडुरंगावर श्रद्धा होती, आणि तोच पांडुरंग काही लेकरांना दाराबाहेर का ठेवतो, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांना तो विचारला, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात दहा दिवस उपास केला. विठ्ठलाचे दार उघडले. बाहेर उभ्या असलेल्यांना प्रसाद आणून देणे ही सेवा झाली असती. त्यांनी दार उघडायला लावले. सेवा, न्याय आणि श्रद्धा या तिन्ही गोष्टी त्या उपासात एकत्र होत्या, आणि त्यासाठी कुठल्या मिनिस्ट्रीची पाटी लागली नव्हती.

या दिवाळीनंतर पुष्कळ घरांतली मुले हिवाळी शिबिरांना जातील. सात दिवसांनी धुळीने माखलेली, घसा बसलेली परत येतील. त्यांना न्हाऊ-माखू घाला, पोटभर जेवू घाला. आणि मग ‘किती झाडं लावलीत?’ असे न विचारता विचारा, की तू कुणाशी बोललास, त्यांचं नाव काय, आणि त्यांच्यावर ही पाळी का आली? पहिल्या वर्षी मुले कदाचित खांदे उडवतील. दुसऱ्या वर्षी, तुम्ही विचारणार हे ठाऊक असल्यामुळे, निदान नाव तरी विचारून येतील.